मनाईहुकूम उठल्यावर



ज्यांच्या पुण्यस्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या डॉक्टरांच्या दवाखान्यात औषध देण्यापेक्षा चौकशी करण्यात अधिक वेळ जात असे, असे त्यांचे जुने रोगी आजही सांगतात. तेव्हा त्यांच्या नावे उभारलेल्या या व्यासपीठावरून एखाद्या नव्या औषधाच्या गुणांचा पोवाडा गाण्यापेक्षा त्याच्या उपद्रवांची चौकशी करावी, हेच मला अधिक औचित्याचे वाटले. समोर वैद्य थोडे आणि इतर मंडळी अधिक आहेत, याची मला जाणीव आहे. पण जे सांगायचे आहे त्याचा संबंध वैद्यांइतकाच, किंबहुना काकणभर अधिक, रोग्याच्या घरातील माणसांशी आहे.

कर्करोगावरचे औषध म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे किमो उभी राहते: केस गळणे, ओकाऱ्या, तोंड येणे, रक्तातील पांढऱ्या पेशी घसरणे. हे उपद्रव एका सरळ न्यायाने घडतात. वेगाने दुभंगणाऱ्या पेशी मारणारे ते विष असते, आणि केसांच्या मुळांतल्या, आतड्याच्या अस्तरातल्या व अस्थिमज्जेतल्या पेशीही वेगाने दुभंगत असल्यामुळे त्या विषाच्या तडाख्यात सापडतात. विषाचा अंमल उतरला की त्रासही उतरतो, आणि म्हणून "जरा सोसा, आठ-दहा दिवसांत बरे वाटेल" हा वडीलधाऱ्यांचा सल्ला तेथे बहुधा खरा ठरतो. ज्या औषधांविषयी आज मी बोलणार आहे त्यांना हा न्याय लागू नाही. किमोच्या काळात आपल्या घरांतून जो सोसण्याचा गुण अंगवळणी पडला, तो या औषधांच्या बाबतीत रोग्याच्या जिवावर उठू शकतो, आणि माझ्या आजच्या बोलण्याचा बहुतेक भाग त्याचेच कारण सांगण्यात जाणार आहे.

आपल्या रक्तात टी-पेशी नावाच्या ज्या पांढऱ्या पेशी हिंडत असतात, त्यांच्याकडे शरीराच्या बंदोबस्ताचे काम सोपवलेले असते. परका जंतू, विषाणूने ग्रासलेली पेशी, किंवा बिघडून बेबंद वाढू लागलेली पेशी ओळखून तिचा निकाल लावण्याचा त्यांना अधिकार आहे. परंतु ज्या कोतवालाच्या हाती शस्त्र दिले त्याला हद्दही आखून द्यावी लागते, नाहीतर एका चोराच्या मागे लागून तो अख्खी पेठ उद्ध्वस्त करील, हे राज्यकारभाराचे शहाणपण निसर्गानेही पाळलेले दिसते. टी-पेशींच्या पृष्ठभागावर असे काही रेणू असतात की ते दाबले जाताच पेशी आवरती घेते. त्यांपैकी दोन आपल्या कामाचे. सीटीएलए-४ हा रेणू मुख्यत्वे लसीका ग्रंथींत, म्हणजे मोहिमेची तयारी चालू असतानाच, टी-पेशींची भरती आवरतो. पीडी-१ हा रेणू प्रत्यक्ष ऊतींमध्ये, म्हणजे मोहीम चालू झाल्यावर, त्यांचा हात धरतो. अनेक कर्कपेशी यांतील दुसऱ्याचा फायदा घेतात. पीडी-१ ला दाबणारे प्रथिन त्या आपल्या अंगावर मिरवतात, आणि दाराशी येऊन ठेपलेली टी-पेशी जणू वरून मनाईहुकूम आल्याप्रमाणे शस्त्र खाली ठेवून उभी राहते.

नवे औषध काय करते, तर या रेणूंवर झाकण घालून तो मनाईहुकूम रद्द करते. ते स्वतः एकाही कर्कपेशीला मारत नाही. इपिलिमुमाब हे सीटीएलए-४ ला झाकणारे प्रतिपिंड. निव्होलुमाब आणि पेम्ब्रोलिझुमाब ही पीडी-१ ला झाकणारी. ती बहुधा शिरेवाटे, सलाईनप्रमाणे, काही आठवड्यांच्या अंतराने दिली जातात, आणि एकदा दिलेली मात्रा शरीरात दीर्घकाळ राहते. निव्होलुमाबच्या एका मात्रेनंतर टी-पेशींवरील पीडी-१ चे बरेचसे रेणू दोन महिने आणि त्याहूनही अधिक काळ झाकलेले राहतात, असे आरंभीच्या चाचण्यांतच दिसून आले होते. मुख्य गोष्ट ही की हा हुकूम फक्त अर्बुदाच्या मोहल्ल्यापुरता रद्द करण्याची सोय या औषधांत नाही. तो आतड्यात, यकृतात, फुप्फुसात, ग्रंथींत, हृदयात, सर्वत्र एकाच वेळी रद्द होतो. तेव्हा या औषधांच्या उपद्रवांना आपण गुणापासून निराळे असे काही मानू नये. गुण आणि उपद्रव हे एकाच क्रियेचे, दोन ठिकाणी दिसणारे, परिणाम आहेत.

ही गोष्ट अनपेक्षितही नव्हती. सीटीएलए-४ चा शोध १९८७ साली फ्रान्समध्ये लागला, पण तो टी-पेशीला चेतवतो की आवरतो यावर काही वर्षे वाद चालू होता. १९९५ साली हा रेणूच नसलेले उंदीर प्रयोगशाळेत निपजवण्यात आले, आणि वादाचा निकाल लागला: ती पिल्ले अवघ्या तीन-चार आठवड्यांत मेली, आणि चिरून पाहता त्यांच्या हृदयात, फुप्फुसांत, यकृतात, स्वादुपिंडात टी-पेशींची झुंबड उडालेली आढळली. बर्कलीच्या जेम्स अ‍ॅलिसन यांनी पुढच्याच वर्षी दाखवले की हाच रेणू प्रतिपिंडाने तात्पुरता झाकला असता उंदरांतील गाठी विरघळतात. या दोन प्रयोगांत वर्षाचेही अंतर नाही. म्हणजे इलाज आणि त्याची किंमत यांची नोंद विज्ञानाच्या वहीत जवळजवळ एकाच पानावर झाली. क्योतो येथे तासुकु होंजो यांच्या प्रयोगशाळेत १९९२ साली सापडलेल्या पीडी-१ ची कथा याहून सौम्य आहे. तो नसलेले उंदीर बालवयात मरत नाहीत. काही वाणांच्या उंदरांना उतारवयात सांध्यांचा व मूत्रपिंडांचा विकार जडतो, तर दुसऱ्या एका वाणाच्या उंदरांचे हृदय पसरून निकामी होते. पुढे माणसांत नेमके असेच दिसले: सीटीएलए-४ वरील औषध अधिक दाहक, पीडी-१ वरील औषधे तुलनेने सोसण्याजोगी, आणि दोन्हींत व्यक्तीगणिक फरक. अ‍ॅलिसन आणि होंजो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. त्या मूक उंदरांचा उल्लेख सोहळ्यात कितपत झाला असेल, कोण जाणे!

थोडे मागे जाऊ, कारण ताप आणि आरोग्य यांचे हे विलक्षण नाते शंभर वर्षांहून जुने आहे. न्यूयॉर्कचे तरुण शस्त्रवैद्य विल्यम कोली यांच्या हातून १८९१ च्या आरंभी एक सतरा वर्षांची मुलगी हाडाच्या कर्करोगाने दगावली, आणि त्या मृत्यूने अस्वस्थ होऊन त्यांनी रुग्णालयाचे जुने दप्तर उपसले. त्यात त्यांना मानेच्या गाठीवर पुनःपुन्हा शस्त्रक्रिया होऊनही ती परत येत राहिलेल्या एका जर्मन माणसाची हकीकत सापडली: त्याला धावरे झाले, कडकडून ताप भरला, आणि गाठ नाहीशी झाली. कोली त्या माणसाला शहराच्या गरीब वस्तीत हुडकत गेले, आणि तो धडधाकट जिवंत आढळला. मग त्यांनी आपणहून रोग्यांना धावऱ्याचे जंतू टोचण्यास प्रारंभ केला. काहींच्या गाठी वितळल्या, काही त्या जंतूंनीच गेले, आणि कोलींनी पुढे मारलेल्या जंतूंचे मिश्रण वापरले. पण ताप चढला पाहिजे, हा आग्रह त्यांनी सोडला नाही. त्याच दशकात आपल्या मुंबईत, १८९७ च्या जानेवारीत, वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली तेव्हा त्यांनाही ताप आला होता. ज्या परळात हाफकिन यांच्या नावाची संस्था आहे, त्याच परळात हाकेच्या अंतरावर टाटा स्मारक रुग्णालय आहे. योगायोग यापलीकडे त्याला अर्थ नाही. पण मला तो आवडतो.

कोलींचे मिश्रण मागे पडले, त्याची कारणे पुष्कळ आहेत. त्या काळातील एक समजूत मात्र आपल्या कामाची आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी पॉल एर्लिख यांनी असा सिद्धांत मांडला होता की शरीर स्वतःविरुद्ध शस्त्र उचलण्यास स्वभावतःच धजत नाही. एर्लिख हे प्रतिकारशक्तीच्या शास्त्राचे पितामह. त्यांच्या शब्दाला वजन एवढे की जवळजवळ पन्नास वर्षे 'आत्मद्रोही रोग' ही कल्पनाच पाखंड ठरली. तिला मान्यता मिळाली १९५६ च्या सुमारास, आणि ज्या अवयवामुळे मिळाली तो अवयव म्हणजे गळ्यातील थायरॉइड ग्रंथी. अमेरिकेत सशांवरील प्रयोगांतून आणि लंडनमध्ये रोग्यांच्या रक्तातून, एकाच वेळी, असे सिद्ध झाले की हाकारू हाशिमोतो यांनी १९१२ साली वर्णिलेला थायरॉइडचा विकार हा शरीराने स्वतःवरच केलेला हल्ला आहे. आज पीडी-१ वरील औषधांचा फटका अंतःस्रावी ग्रंथींपैकी सर्वांत अधिक वेळा याच ग्रंथीला बसतो. तिच्यावर धाड घालू पाहणाऱ्या टी-पेशी आपल्यापैकी अनेकांच्या अंगात बहुधा पहिल्यापासून असतात, आणि केवळ मनाईहुकुमामुळे गप्प बसलेल्या असतात.

आता प्रत्यक्ष उपद्रवांकडे वळतो. इपिलिमुमाबची जी मोठी चाचणी २०१० साली प्रसिद्ध झाली, तिच्यात मेलॅनोमा या त्वचेच्या दुर्धर कर्करोगाचे ६७६ रोगी होते. नव्या औषधाने मध्यम आयुर्मान सुमारे साडेसहा महिन्यांवरून दहा महिन्यांवर गेले. दिसायला हा आकडा लहान आहे. त्याचे मोल असे की दहा महिन्यांचा टप्पा ओलांडणाऱ्यांतील काही जण पुढे वर्षानुवर्षे जगत राहिले. त्याच अहवालात हेही नमूद आहे की १४ रोग्यांचे मृत्यू औषधामुळे झाले, आणि त्यांतील ७ प्रतिकारशक्तीच्या स्वैर वागण्याने झाले. पुढे २०१५ साली इपिलिमुमाब आणि निव्होलुमाब ही दोन्ही औषधे एकत्र देऊन पाहिली गेली तेव्हा गंभीर उपद्रवांचे प्रमाण एकट्या निव्होलुमाबला शंभरात १६, एकट्या इपिलिमुमाबला २७, आणि दोन्ही मिळून दिली असता ५५ असे निघाले. दोन्ही मनाईहुकूम एकदम उठवले तर काय होते, त्याचा हा जमाखर्च आहे.

त्वचेवर पुरळ व खाज हे सर्वांत वारंवार आणि बहुधा सर्वांत आधी येणारे चिन्ह. त्याविषयी फार बोलत नाही. मात्र मेलॅनोमाच्या काही रोग्यांच्या अंगावर पांढरे चट्टे उमटतात, म्हणजे ज्याला आपण कोड म्हणतो ते येते. मेलॅनोमा हा रंगपेशींचाच कर्करोग असल्यामुळे, त्याला मारू निघालेल्या टी-पेशी निरोगी रंगपेशींनाही मारतात, आणि म्हणून त्या रोग्यांत कोड हे शुभचिन्ह समजले जाते. आपल्याकडे मेलॅनोमा विरळा आहे. परंतु ज्या समाजात कोडाच्या एका चट्ट्याने सोयरीक मोडते, त्या समाजातील रोग्याला हे आगाऊ सांगून ठेवणे अगत्याचे आहे.

आतड्याचा दाह हा इपिलिमुमाबचा विशेष. साधारणतः दुसऱ्या-तिसऱ्या मात्रेच्या सुमारास जुलाब सुरू होतात. येथे आपल्या घरोघरचे निदानशास्त्र पुढे सरसावते: काहीतरी बाधले, पाणी बदलले, उष्णता झाली. ताक-भात होतो, सब्जा भिजतो, औषधाच्या दुकानातून जुलाब थांबवणारी गोळी येते. आणि गोळीने जुलाब काही काळ दबतात, हीच त्यातील धोक्याची गोष्ट आहे, कारण आत दाह चालूच असतो आणि पराकोटीला गेला तर आतडे फुटते. डॉक्टर येथे एक साधे मोजमाप वापरतात: रोजच्या सवयीपेक्षा दिवसाला जास्तीच्या शौचांची संख्या चारहून कमी ही पहिली पायरी, चार ते सहा ही दुसरी, सात किंवा अधिक ही तिसरी. दुसऱ्या पायरीवरच औषध रोखून स्टेरॉइडचा विचार सुरू होतो. म्हणजे रोग्याच्या पत्नीने किंवा मुलाने संख्या मोजून ठेवली आणि ती लाजेखातर गिळली नाही, तर निम्मे निदान घरीच झाले. रक्त पडत असेल तर मोजणीचीही वाट पाहू नये.

ग्रंथींचे उपद्रव याहून फसवे, कारण त्यांत वेदना नाही. थायरॉइड आधी काही आठवडे अतिरेकाने पाझरते, छाती धडधडते, वजन उतरते, आणि मग ती थंडावते. रोगी जडावतो, त्याला थंडी सोसत नाही, मलावरोध होतो. इपिलिमुमाबने मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी सुजते. या ग्रंथीच्या पेशींवरच सीटीएलए-४ असतो, हे २०१४ साली दाखवले गेले, म्हणजे औषध तेथे थेट जाऊन चिकटते. डोके दुखते, थकवा असा येतो की अंथरुणावरून उठवत नाही, रक्तदाब घसरतो, रक्तातील सोडियम उतरते. घरच्यांना वाटते, कर्करोगाच्या माणसाला थकवा यायचाच! पुष्कळदा डॉक्टरलाही तसेच वाटते. प्रत्यक्षात पीयूषिकेचा हुकूम न मिळाल्याने अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसोल सोडायच्या थांबलेल्या असतात, आणि अशा माणसाला साधा ताप किंवा दाताची शस्त्रक्रियाही धक्क्याने लोळवू शकते. येथे उपचाराचा क्रम उलटा झाला तर अनर्थ होतो: थायरॉइड आणि कॉर्टिसोल दोन्ही उणे असताना आधी थायरॉइडची गोळी दिली, तर शिल्लक असलेले कॉर्टिसोलही झपाट्याने खर्ची पडते, म्हणून आधी स्टेरॉइड, मग थायरॉइड. आतडे किंवा यकृत बहुधा पूर्ववत होते. ग्रंथी एकदा निकामी झाली की सहसा परत येत नाही, आणि गोळी जन्माची सोबतीण होते.

स्वादुपिंडातील इन्सुलिन करणाऱ्या पेशींवर हल्ला शंभरात एखाद्याच रोग्याला होतो. पण तो जेव्हा होतो तेव्हा काही दिवसांत होतो. काल-परवापर्यंत साखर बरी असलेला साठीचा गृहस्थ अचानक घटाघटा पाणी पिऊ लागतो, ओकतो, धापा टाकतो, आणि रुग्णालयात पोहोचतो तेव्हा त्याच्या रक्तात आम्ल साचलेले असते. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी अशा वेळी फारशी वाढलेली नसते, कारण रोगच मुळी तीन महिन्यांचा नसतो. आपल्या देशात मधुमेह घरोघर असल्यामुळे "आणखी एकाला साखर लागली" म्हणून गोळ्या लिहून देण्याची चूक येथे सहज घडेल. या रोग्याला गोळ्यांचा उपयोग नाही, त्याला त्याच दिवशी इन्सुलिन हवे.

फुप्फुसाचा दाह हा कोरड्या खोकल्याने व चालताना लागणाऱ्या धापेने जाणवतो, आणि त्याच्या बाबतीत महाराष्ट्रातील डॉक्टरासमोर एक अधिकची कूटसमस्या उभी राहते. स्कॅनमधील पांढुरकी छाया कर्करोगाची, औषधाने घडवलेल्या दाहाची, न्यूमोनियाची, की क्षयाची? दाह असेल तर स्टेरॉइड हे अमृत. क्षय असेल तर तेच विष. गुंतागुंत एवढ्यावर थांबत नाही. पीडी-१ नसलेल्या उंदरांना क्षयजंतूंची लागण केली असता ते साध्या उंदरांहून लवकर मरतात, म्हणजे क्षयाच्या बंदोबस्तातही हा आवर उपयोगीच असतो, आणि या औषधांवर असलेल्या रोग्यांत सुप्त क्षय जागा झाल्याच्या नोंदी आहेत. त्यात जुलाब स्टेरॉइडने न थांबल्यास जे इन्फ्लिक्सिमॅब देतात, ते तर क्षयाला दार उघडून देणारे म्हणून प्रसिद्धच आहे. पाश्चात्त्य देशांत लिहिलेल्या मार्गदर्शिकांत क्षयाची तपासणी एका ओळीत उरकलेली असते; आपल्याला त्या ओळीचा अध्याय करावा लागेल, असे माझे मत आहे.

हृदयाच्या स्नायूंचा दाह सर्वांत विरळा आणि सर्वांत घातक. सुरुवातीच्या नोंदींत त्याने ग्रासलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे दगावले. २०१६ साली अमेरिकेतील दोन मेलॅनोमा रोग्यांची हकीकत प्रसिद्ध झाली. दोघांनाही दोन्ही औषधांची एकेकच मात्रा मिळाली होती, आणि दोघेही पंधरवड्याच्या सुमारास हृदयाच्या अनावर बिघाडाने रुग्णालयात आले. सर्व प्रयत्नांनंतरही दोघे वाचले नाहीत. त्यांच्या ऊती तपासल्या तेव्हा अर्बुदात शिरलेल्या टी-पेशी आणि हृदयात शिरलेल्या टी-पेशी यांतील काही एकाच वंशाच्या निघाल्या. मी मघाशी गुण आणि उपद्रव ही एकच क्रिया आहे असे म्हणालो, त्याचा इतका उघड आणि इतका क्रूर पुरावा दुसरा नाही.

येथे कोणी विचारील की मग उपद्रव होणे हे औषध लागू पडल्याचे लक्षण मानावे काय? अनेक पाहण्यांत असे दिसते खरे की ज्यांना उपद्रव झाले त्यांना गुणही अधिक आला. पण या हिशेबात एक छुपी खोट आहे. जो रोगी दोन महिन्यांत दगावला त्याला सहाव्या महिन्यात होणारा उपद्रव होण्याची मुभाच मिळाली नाही. जो जगला त्याला मिळाली. ही खोट काढून टाकली तरी थोडेसे नाते उरते, विशेषतः त्वचेच्या बाबतीत. परंतु ज्याला काहीच त्रास झाला नाही त्याने निराश होण्याचे कारण नाही. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांचा मेलॅनोमा २०१५ साली यकृतात व मेंदूत पसरलेला आढळला. शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि पेम्ब्रोलिझुमाब यांनंतर त्याच वर्षाच्या डिसेंबरात स्कॅन निर्मळ निघाल्याचे त्यांनी जाहीर केले, आणि त्यांचे देहावसान झाले ते २०२४ च्या अखेरीस, शंभरी ओलांडल्यावर. उलट, ज्याला त्रास झाला त्याने तो गुणाच्या आशेने लपवू नये. दोन्ही औषधे एकत्र घेताना उपद्रवामुळे ती लवकर थांबवावी लागलेल्या रोग्यांनाही पुढे इतरांइतकाच लाभ झालेला आढळला आहे. औषध थांबवले म्हणजे लढाई हरलो, ही समजूत येथे चुकीची आहे. कोतवालीला एकदा बाहेर पडण्याचा हुकूम मिळाला की ती पुष्कळदा आपले काम पुढेही करीत राहते. त्याचीच दुसरी बाजू अशी की शेवटच्या मात्रेनंतर काही महिन्यांनीही नवा उपद्रव उद्भवू शकतो, आणि तोवर रोगी आपली फाईल कपाटात टाकून मोकळा झालेला असतो.

इलाज ठरलेला आहे, आणि वेळेवर सुरू झाला तर बहुधा चालतो: औषध रोखणे, आणि रोग्याच्या वजनाच्या किलोमागे एक ते दोन मिलिग्रॅम या मानाने प्रेडनिसोलोन किंवा तत्सम स्टेरॉइड देऊन, उतार पडल्यावर ते चार ते सहा आठवड्यांत पायरीपायरीने कमी करणे. हा शेवटचा भाग लोक विसरतात. बरे वाटले म्हणून रोगी दहाव्या दिवशी गोळ्या बंद करतो आणि दाह दुप्पट जोराने उसळतो. स्टेरॉइडने कर्करोगावरील गुण पुसला जाईल ही भीतीही अनेकांना वाटते. उपद्रवासाठी दिलेल्या स्टेरॉइडने तसे होत असल्याचे आजवरच्या अनुभवात सामान्यतः दिसलेले नाही.

टी-पेशींचा आवर काढणे आणि त्यांना सरळ चिथावणे यांत फरक आहे, हे सांगण्यासाठी एका दुर्घटनेचा उल्लेख करतो. मार्च २००६ मध्ये लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयात सहा निरोगी तरुणांना टीजीएन१४१२ हे प्रतिपिंड टोचण्यात आले. ते टी-पेशींना थेट चेतवणारे होते. जनावरांत निर्धोक ठरलेल्या मात्रेच्या पाचशेव्या हिश्श्याइतकीच मात्रा होती. तरी दीड तासाच्या आत सहाही जण तापाने व वेदनांनी तळमळू लागले आणि काही तासांत त्यांचे अवयव बंद पडू लागले. सुदैवाने सगळे वाचले. त्या घटनेनंतर माणसावरील पहिल्या चाचणीचा शिरस्ताच बदलला, सर्वांना एकाच दिवशी मात्रा देणे बंद झाले. आपली आजची औषधे त्या जातीची नाहीत. त्यांचा दाह वादळासारखा कोसळत नाही, तो आठवड्यांनी आणि पावलांनी येतो, आणि म्हणूनच त्याला वेळीच गाठणे शक्य असते.

शेवटचा मुद्दा दामाचा, आणि तो उपद्रवांपासून दिसतो तितका दूर नाही. या औषधांची पूर्ण मात्रा आपल्या देशातील बहुसंख्य रोग्यांच्या आवाक्याबाहेर आहे. त्यावर परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाने एक धाडसी तजवीज केली. निव्होलुमाबची रूढ मात्रा दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम; तेथील डॉक्टरांनी तोंडाच्या व घशाच्या पुढे गेलेल्या कर्करोगात, तोंडाने घ्यायच्या स्वस्त औषधांच्या जोडीला, दर तीन आठवड्यांनी केवळ २० मिलिग्रॅम देऊन पाहिली. १५१ रोग्यांच्या या चाचणीचा निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाला: वर्षभर जगलेल्यांचे प्रमाण शंभरात १६ वरून ४३ वर गेले, आणि गंभीर उपद्रव वाढले नाहीत. एक मात्रा दोन-दोन महिने रेणूंना झाकून ठेवते हे आरंभीच ठाऊक असताना, कमी मात्रेचा हा प्रयोग औषध काढणाऱ्यांच्या देशांत आधी का झाला नाही, याचे उत्तर श्रोत्यांनी स्वतःच द्यावे. मात्र एक सावधगिरी: पीडी-१ वरील औषधांचे उपद्रव मात्रेच्या प्रमाणात फारसे घटत-वाढत नाहीत. मात्रा बाराव्या हिश्श्यावर आली म्हणून धोकाही बाराव्या हिश्श्यावर आला, असा त्रैराशिकाचा हिशेब येथे मांडता येणार नाही.

आणि तंबाखूने पोखरलेल्या तोंडांची संख्या आपल्याकडे किती आहे हे आपण जाणताच. औषध स्वस्त झाले की ते मुंबई-पुण्याची वेस ओलांडून जिल्ह्याच्या गावी येईल. सलाईन तेथे लागेल, आणि उपद्रव त्याच्याही पलीकडे, तालुक्याच्या दवाखान्यात किंवा रात्री दोन वाजता ग्रामीण रुग्णालयात, उमटेल. तेथे ग्रंथितज्ज्ञ नसणार. पण कागद असू शकतो. औषधाचे नाव, शेवटच्या मात्रेची तारीख आणि मोठ्या रुग्णालयाचा दूरध्वनी लिहिलेला एक जाड कागद रोग्याच्या खिशात असावा, आणि तो औषध संपल्यावरही किमान वर्षभर फेकला जाऊ नये. प्रत्येक मात्रेआधी पाहायच्या तपासण्याही अवघड नाहीत: साखर, सोडियम-पोटॅशियम, यकृताचे व मूत्रपिंडांचे आकडे आणि ठरावीक अंतराने थायरॉइड, हे सारे आता तालुक्याच्या प्रयोगशाळेत होते. कॉर्टिसोलचे रक्त तेवढे सकाळी आठच्या सुमारास काढावे लागते, आणि रोग्याला स्टेरॉइड चालू असेल तर त्याचा आकडा दिशाभूल करतो. तेव्हा नमुना पाठवणाऱ्याने चिठ्ठीवर वेळ आणि चालू असलेल्या गोळ्या, दोन्ही लिहाव्यात.